घरात अजून कोणाला होतं?

पिंपळनेरला बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होते ती अकरानंतर. आधी बाजार उरकायचा, कांद्याचा भाव कानावर घालून घ्यायचा, आणि मग एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेशंटचं मनगट धरून माणसं जिना चढतात. पेशंट सहसा गप्प असतो. त्याला घेऊन आलेली बाई बोलते, आणि तिचं दुसरं किंवा तिसरं वाक्य ठरलेलं असतं : "याना बाप बी असाच व्हता."

कित्येक वर्षं मी हे वाक्य ऐकून सोडून दिलं. म्हणजे अगदी सोडून दिलं असं नाही. केसपेपरवर 'फॅमिली हिस्टरी' या रकान्यात एक बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. बाप 'असाच' म्हणजे कसा, कितव्या वर्षापासून, चालायचा कसा, गेला कशाने, त्याच्या बहिणी कुठे दिल्या आणि त्यांचं काय झालं, हे विचारायला बाजाराच्या दिवशी वेळ नसतो. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, शिवाय शेवटची एसटी. हे पुस्तक त्या एका वाक्यातून निघालं आहे. मेंदूची झीज करणारे काही आजार पिढीजात असतात, आणि ते घरात शिरताना पुष्कळदा मनोविकाराचा वेष घेऊन शिरतात, एवढाच त्याचा विषय.

आता एक घर सांगतो. हे एक घर नाही; तीन-चार घरं मिसळली आहेत, गावं आणि धंदे बदलले आहेत. ओळखायचा प्रयत्न करू नये, चुकीचंच घर सापडेल.

माणूस बेचाळीस वर्षांचा. पिकअप चालवणारा, कांदा भरून सुरतेकडे नेणारा. गळ्यात माळ, त्यामुळे दारूचा प्रश्न नाही. बायको सांगते की आवाज न चढवणारा हा माणूस पाच वर्षांपूर्वी एकाएकी ताट भिरकावायला लागला. मग काही महिने नुसता बसून राहिला. आंघोळीला उठवावं लागे. मग संशय : भावाने हिश्श्यात फसवलं, बायको फोनवर कोणाशी बोलते. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या, त्यांनी थोडं बरं वाटलं, मग बंद केल्या. गेल्या दोन वर्षांत बोटं हलायला लागली, मांडीवर कोणी तबला वाजवावा तशी. खांदा उडतो. चाल अशी की नाक्यावर पोलिसाने अडवून तोंडाचा वास घेतला. माळकऱ्याला याहून मोठा अपमान नाही.

त्याचा बाप पन्नाशीत 'येडा' होऊन वारला. मोठी आत्या बागलाणात दिलेली. तिला 'बाहेरचं' होतं, भगताकडे नेत. धाकटी आत्या विहिरीवर पाय घसरून गेली. चुलता दारूने गेला, निदान गावाने तसं ठरवलं. चार माणसं, चार गावं, चार नावं : वेड, बाधा, अपघात, व्यसन. आजार बहुधा एकच, हंटिंग्टन.

आपल्याकडे लेकी दिल्या घरी जातात. ही साधी गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत कुठे लिहिलेली नसते, पण इथे निदान चुकण्याचं ते मोठं कारण आहे. मुलगी सासरी जाते तेव्हा तिचा आजारही त्या गावाचा होतो. सासरचे म्हणतात माहेरचं लागलं, माहेरचे म्हणतात सासरी जाच झाला. एका कुळातला एक आजार दहा गावांत विखुरतो आणि कोणत्याही एका गावातून पाहिलं तर एकटादुकटा दिसतो. कुळाचा हिशेब पुरुषांच्या नावांनी ठेवला जातो. त्र्यंबकेश्वराच्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या पाहाव्यात : खापरपणज्यापर्यंत नावं मिळतील, पण दिलेल्या लेकींचा माग तिथे लागत नाही, आणि कोण कशाने गेलं हे तर कोणी लिहीतच नाही. हेच घर पितृदोष म्हणून त्र्यंबकला नारायण-नागबळी करून आलेलं असतं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्यांचं निरीक्षण बरोबर असतं : हे पितरांकडून आलं आहे. 'दोष' या शब्दावर फक्त माझी हरकत आहे.

निरीक्षणाबद्दलच बोलायचं तर हंटिंग्टनची गोष्ट सांगायलाच हवी. जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकी डॉक्टर १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एक निबंध लिहून गेला आणि त्याचं नाव आजाराला कायमचं चिकटलं. बाविसाव्या वर्षी डॉक्टरला काय कळतं? फारसं काही नाही. पण त्याचा बाप डॉक्टर होता, आजाही डॉक्टर होता, आणि दोघांनी लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टन भागात तीच ती घरं पिढ्यान्‌पिढ्या तपासली होती. लहानपणी बापाबरोबर घोडागाडीतून जाताना रस्त्यात त्याने उंच, कृश अशा दोन बायका, आई आणि मुलगी, अंग पिळवटत, तोंड वेडंवाकडं करत चाललेल्या पाहिल्या होत्या. आजार पिढीजात आहे हे कळायला ज्ञानही पिढीजात असावं लागलं! त्याने तीन खुणा लिहिल्या : हा आजार वंशात चालतो, तो मोठेपणी येतो, आणि त्यात वेड लागण्याकडे व आत्महत्येकडे कल असतो. म्हणजे मन पहिल्या दिवसापासून त्या व्याख्येत होतं. पुढच्या शंभर वर्षांत वैद्यकाचं लक्ष हलणाऱ्या हातापायांवर खिळलं. आजाराचं नावच 'कोरिया' पडलं, ग्रीक भाषेतला नाच. नाचाकडे सगळे पाहत राहिले, नाचणाऱ्याकडे कमी. वुडी गथ्री या प्रसिद्ध अमेरिकी लोकगायकाला बरीच वर्षं दारुडा आणि स्किझोफ्रेनियाचा रुग्ण समजलं गेलं. तो १९६७ साली हंटिंग्टनने गेला. नाक्यावरचा आपला माळकरी आणि तो यांत तेवढं साम्य आहे.

जनुक सापडलं १९९३ मध्ये. त्याआधी नॅन्सी वेक्सलर ही मानसशास्त्रज्ञ बाई व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठी वर्षानुवर्षं जात राहिली, कारण तिथल्या कुटुंबांत हा आजार जगात सर्वाधिक दाट होता. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अठरा हजारांहून जास्त माणसांची वंशावळ कागदावर उतरवली. तिच्या स्वतःच्या आईला हाच आजार होता. आपल्यालाही तो आहे हे तिने जगाला २०२० साली सांगितलं. त्या सरोवराकाठच्या गरिबांच्या रक्तातून जगाला तपासणी मिळाली. त्यांना स्वतःला फारसं काही मिळालं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

चौथ्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकात सी-ए-जी अशी तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या-माझ्यात ती सव्वीसपर्यंत असतात. ती ४० किंवा त्याहून जास्त झाली की माणूस पुरेसं जगला तर आजार येणारच. ३६ ते ३९ म्हणजे कुंपणावर. अपत्याला हे जनुक मिळण्याची शक्यता निम्मी, आणि ती प्रत्येक अपत्यासाठी नव्याने निम्मी. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला असा हिशेब इथे चालत नाही. बापाकडून येताना आवर्तनं वाढण्याचा संभव जास्त, म्हणून कधीकधी बापाला पन्नाशीत आलेला आजार मुलाला तिशीतच गाठतो. आणि 'पिढी सोडून येतो' हे जे लोक सांगतात, ते या आजारात जवळजवळ कधीच खरं नसतं. मधल्या पिढीतला माणूस आजार येण्याआधी गेलेला असतो, नाहीतर त्याच्या आजाराला दुसरं नाव दिलेलं असतं.

आता मुख्य प्रश्न. हात हलायच्या कितीतरी आधी, कधीकधी दहा-दहा वर्षं आधी, मन का बिघडतं?

पिंपळनेरच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. पांझरा इथल्याच डोंगरांतून निघते आणि तिच्यावर शेकडो वर्षांपासून फडपद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, थळाचे फड पाडलेले असतात, एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, आणि पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो. समजा पाटाच्या मुखाशीच भगदाड पडलं. कुठलं पीक आधी सुकेल? ते उतारावर, मातीवर, कोणाची पाळी होती त्यावर ठरेल. पण ऊस सुकला म्हणून उसाचा रोग शोधत बसलात आणि गहू सुकला म्हणून गव्हाचा, तर भगदाड तसंच राहील. मेंदूच्या गाभ्यात, कपाळामागच्या भागाशी जोडलेले काही करड्या पेशींचे पुंजके आहेत. हालचालीची चारी तिथून जाते, विचार आखण्याची जाते, आणि राग, उमेद, लाज यांचीही तिथूनच जाते. हंटिंग्टनमध्ये झीज होते ती या मुखाशी. विल्सनचा आजार नावाचा दुसरा एक आजार आहे, त्यात तांबं साठतं तेही आधी यकृतात आणि मग मेंदूतल्या ह्याच गाभ्यात. म्हणून एकाचा हात आधी हलतो आणि दुसऱ्याचं मन आधी हलतं.

उपमा इथेच थांबवतो, कारण माणूस म्हणजे शेत नव्हे. ज्याने बापाला तसं होताना पाहिलं आहे, त्याची उदासी सगळी जनुकातून आली असं कोण म्हणेल? घर बुडालेलं असतं, लोक टाळतात, आई थकलेली असते. अशा घरांत वाढलेल्या पण जनुक न आलेल्या भावंडांतही चिंता आणि उदासी दिसते. पाटाचं भगदाड किती आणि दुष्काळ किती, हे एकेका माणसात वेगळं काढता येत नाही. मी तो प्रयत्न सोडून दिला आहे.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घराला सांगतो, कारण ती आशेची आहे आणि खरीही आहे. हंटिंग्टनची झीज थांबवणारं सिद्ध औषध आज हातात नाही. पण या आजारातली चिडचिड, नैराश्य, झोप उडणं, संशय, भास यांवर औषधं आहेत आणि ती चालतात. ज्या भागाला सगळे 'नुसतं मानसिक' म्हणून हिणवतात तोच सगळ्यांत जास्त आटोक्यात येणारा भाग असतो. उलटही होतं : हातपायांची हालचाल कमी करायला टेट्राबेनाझीन नावाचं औषध देतात, त्याने नैराश्य वाढू शकतं. हालचाल पाहणारा डॉक्टर आणि मन पाहणारा डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील तर पेशंट मधल्यामध्ये सापडतो. आत्महत्येचा धोका या आजारात खराच मोठा आहे, आणि तो निदानाच्या आसपास, 'आता मला कळू लागलं आहे' या काळात विशेष असतो. त्या दिवसांत माणसाला एकटं सोडू नये. रात्री-अपरात्री कोणाला फोन करावा कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

विल्सनच्या आजाराचं या पुस्तकात सगळ्यांत मोठं प्रकरण आहे. तो फार आढळतो म्हणून नव्हे. तो बरा ठेवता येतो, आणि तरीही आपण तो चुकवतो, म्हणून. मी स्वतः चुकवला आहे.

सोळा वर्षांचा मुलगा होता. नववीपर्यंत हुशार, दहावीत घसरला. अक्षर बिघडलं, मास्तरांनी आळशी ठरवलं. विनाकारण हसायचा, मग रडायचा, एकदा वर्गात कपडे काढले. तोंडातून लाळ. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग माझ्याकडे आणला. मी मनोविकार समजून भ्रमावरची गोळी लिहिली. पंधरा दिवसांत तो लाकडासारखा ताठरला. त्या गोळ्यांनी कोणालाही थोडा ताठरपणा येतो म्हणून मी डोस कमी केला आणि वाट पाहिली. ती वाट पाहणं माझ्या हिशेबात आजही शिल्लक आहे. विल्सनच्या मुलांना ही औषधं फार झोंबतात हे मी वाचलेलं होतं. समोर आलं तेव्हा आठवलं नाही. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरने स्लिटलॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं पाहिलं आणि मला फोन केला. कायझर-फ्लायशर कडं म्हणतात त्याला. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं तपासलं, आणि निदान पक्कं झालं.

ब्रिटनमधल्या किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये हा आजार मांडला, तेव्हा तो मरणाचा आजार होता. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामीन वापरायला सुरुवात केली, पुढे जस्ताच्या गोळ्या आल्या, आणि आता वेळेवर धरला तर माणूस शिकतो, लग्न करतो, नोकरी करतो. गोळ्या मात्र जन्मभर. बंगळुरूच्या निमहान्सने तीन दशकांत तपासलेल्या २८२ रुग्णांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध केला, त्यावरून हा आजार आपल्या देशात पुस्तकी नाही हे दिसतं. इथे आई-बाप दोघेही निरोगी असतात. दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडतं. म्हणून मागच्या पिढीत विचारून काही हाती लागत नाही, विचारायचं ते भावंडांबद्दल : प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता. आणि विचारायचं ते आई-बापांच्या नात्याबद्दल. मामाची मुलगी करणं आपल्याकडे चालतं, कित्येक घरांत त्याचं कौतुकही असतं. मी त्या चालीवर व्याख्यान देत नाही. बहुतेक अशा जोडप्यांची मुलं धडधाकट असतात. पण पंधरा-सोळाचं पोर एकाएकी 'बिघडलं' आणि आई-बाप आते-मामे भावंडं असली, तर डोळ्याच्या डॉक्टरकडे एक फेरी झालीच पाहिजे. त्या फेरीचा खर्च एसटीच्या तिकिटाएवढा आहे.

तांब्यावरून एक आठवलं, विषय सोडून आहे तरी सांगतो. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला, तो कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधापर्यंत पोचला. तो आजार वेगळा, मेंदूचा नव्हे, विल्सनचाही नव्हे. पण तांबं शरीरात साठतं म्हणजे काय हे मराठी आयांना कल्हईवाल्याच्या निमित्ताने कळू शकतं, आणि मी ते तसंच समजावतो. कोणी विचारतं, मग तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्यायचं की नाही? निरोग्याने खुशाल प्यावं. विल्सनच्या मुलाने नाही.

बाकीच्या आजारांबद्दल इथे थोडक्यात. पुढच्या प्रकरणांत ते सविस्तर आहेतच.

ज्याला आज सगळे अल्झायमर म्हणतात त्याची पहिली रुग्ण, ऑगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई, १९०१ साली फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आली ती नुसती विसरते म्हणून नव्हे. नवऱ्याचं बाहेर काही आहे असा संशय तिला आधी आला होता. तिला तपासणारे आलॉइस अल्झायमर मनोविकारतज्ज्ञच होते. तिचा आजार पिढीजात होता असं सिद्ध झालेलं नाही, पण काही घराण्यांत अल्झायमर चाळिशी-पन्नाशीतच आणि सरळ वारशाने येतो, हे खरं. कपाळामागच्या भागाची झीज होते तो आजार याहून फसवा. दुकानदार माणूस पन्नाशीत एकाएकी बायकांसमोर अचकट-विचकट बोलू लागतो, गोड खात सुटतो, उधारी वाटतो, आईच्या मयतीला डोळ्यांत पाणी नाही. स्मरणशक्ती शाबूत. लोक म्हणतात माज आला. परदेशातल्या अभ्यासांत अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना आधी मनोविकाराचाच शिक्का बसलेला आढळला. २०११ मध्ये सी-नाइन-ऑर्फ-७२ नावाचं एक जनुक सापडलं, ते कोणाला हा आजार देतं, कोणाला हातापायांचे स्नायू वाळवणारा मोटर न्यूरॉन आजार देतं आणि कोणाला आधी भ्रमाने गाठतं. आयर्लंडमधल्या संशोधकांना मोटर न्यूरॉनच्या रुग्णांच्या नातलगांत स्किझोफ्रेनिया आणि आत्महत्या जास्त आढळल्या. आपल्याकडे हे जनुक तसं विरळ, पण एका बीजातून भावाभावांना वेगळी झाडं उगवतात हे त्यातून लख्ख दिसतं.

आणि एक खास भारतीय प्रकार : स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया-१२. चाळिशीत हात थरथरायला लागतो, मग तोल जातो, आणि सोबत चिंता आणि उदासी असते. २००१ च्या सुमारास तो उत्तरेकडून आलेल्या एका व्यापारी समाजात प्रामुख्याने आढळला. या समाजाची घरं आपल्या खानदेशातल्या प्रत्येक पेठेत आहेत. समाजाचं नाव शास्त्रीय लेखांत छापलेलं आहे. मी इथे मुद्दाम लिहीत नाही. स्थळं पाहण्याच्या हंगामात कोणी हे पान उघडून दाखवावं अशी माझी इच्छा नाही.

हे सगळं वाचून ज्यांच्या घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे ते घाबरतील, म्हणून इथेच सांगतो. मनोविकार असलेल्या बहुसंख्य माणसांना यांतला एकही झिजेचा आजार नसतो. मनोविकारांतही वारसा असतो, पण तो एका जनुकाचा नसतो, पुष्कळ बारीक जनुकांचा आणि आयुष्याचा मिळून असतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे नव्वदांना होत नाही. झिजेची शंका केव्हा घ्यायची याच्या खुणा पुस्तकात आहेत. मनाबरोबर चाल, अक्षर, बोलणं, गिळणं बदललं का, आणि घरात अजून कोणाला असं होतं का, या दोहोंपासून सुरुवात करावी.

मनाचा आणि मेंदूचा दवाखाना वेगळा कसा झाला याचा इतिहास मोठा आहे. मला त्यात एक मौज दिसते : आजाराचं कारण सापडलं की त्याची बदली होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातली वेड्यांची इस्पितळं ज्या पक्षाघाती वेडाने भरलेली होती, त्याच्या रुग्णांच्या मेंदूत १९१३ साली उपदंशाचे जंतू दिसले आणि तो आजार आमच्या खात्यातून गेला. ज्यांचं कारण सापडलं नाही ते आमच्याकडे राहिले. 'नुसतं मानसिक' याचा अर्थ पुष्कळदा 'अजून न सापडलेलं' एवढाच असतो. खानदेशात ही फारकत रस्त्याच्या अंतराने आणखी वाढते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांतलं एकही इकडे नाही. मज्जातंतूचा डॉक्टर पाहायचा तर धुळे, नाहीतर नाशिक. जनुकाची तपासणी करायची तर रक्त मुंबई-दिल्लीला जातं. आणि ती तपासणी करण्याआधी समुपदेशन हवं, कारण औषध नसलेल्या आजाराचं भविष्य जाणून घ्यायचं की नाही, हा हक्क ज्याचा त्याचा आहे. बापाने मुलाच्या वतीने, सासऱ्याने सुनेच्या वतीने तो बजावायचा नाही. निरोगी अल्पवयीन मुलांची अशी तपासणी करत नाहीत. लग्न जमवताना 'रिपोर्ट दाखवा' म्हणणारे आता भेटू लागले आहेत.

गावात पोचतो तो आधी भगत, आणि त्याचा मला तिटकारा नाही. तो रात्री दोनला उठून येतो, मी येत नाही. पण सातपुड्याच्या पट्ट्यात चाळिशीची बाई विचित्र वागू लागली की तिला डाकीण ठरवलं जातं, मारहाण होते, गावाबाहेर काढतात. त्या बायांपैकी कितींच्या डोक्यात अशी झीज चालू होती हे आता कोणी शोधणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात हा गुन्हा आहे. पोलीसपाटलाला तो माहीत असतो. वापरायला धीर लागतो.

धीराबद्दल एका माणसाचं नाव घेतो. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४च्या चित्रपटाच्या निर्मितीमागेही ते होते. त्याच दिग्दर्शकांनी पुढे 'अस्तु' केला, स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताचा, आणि तो पंडित रंगवला डॉ. मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. एकात मनाचा आजार, दुसऱ्यात मेंदूच्या झिजेचा. दोन्ही पाहताना मला सारखं वाटत राहिलं की सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा दोन्हीकडे एकच आहे.

शेवटी कागदपत्रांबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही आहे आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनोविकाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. अर्ज कुठे, कसा, हे परिशिष्टात आहे.

पुस्तकाची मागची दोन पानं कोरी ठेवली आहेत. त्यांवर घराची वंशावळ काढायची : पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत काळं करायचं. दिलेल्या लेकी आणि आलेल्या सुना, दोन्ही. वर ज्या घराचं सांगितलं, त्या घरातल्या आजीबरोबर मी हे पान भरत होतो. लिहिता येत नव्हतं, पण कोण कोणाच्या मागचा हे तिला तोंडपाठ. धाकट्या नणंदेच्या वर्तुळापाशी मी 'अपघात' लिहिलं. ती बराच वेळ त्या वर्तुळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ती पडनी नही, डॉक्टर. तिनी उडी मारी." चाळीस वर्षांत तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. मी शब्द खोडला आणि वर्तुळ काळं केलं. मग तिला आणखी एक आठवली, दूधपित्या वयात दत्तक दिलेली, सुरतेकडे. तिच्यासाठी कागदावर जागाच उरली नव्हती. सगळी ओळ पुसून डावीकडे सरकवावी लागली.

तेवढ्यासाठी ही पानं पेन्सिलीनेच भरावीत.

पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे